दिवाणखान्यातली मैफल : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की स्वतःची गाणी घेऊन फिरणाऱ्या कलाकारांना नागपूरकरांनी आपल्या घरी बोलवावं, तीस-चाळीस माणसांत मैफल करावी आणि जमलेले सगळे पैसे त्यांच्या हातात द्यावेत. त्यावर बरीच पत्रं आली. कुणी आनंद कळवला, कुणी हॉलचा नकाशा काढून पाठवला, एकदोघांनी रागही लिहून काढला. अनेकांच्या उपयोगी पडतील असे प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रं थोडी आवरती केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : काकू, मी २४ वर्षांचा आहे. गिटारवर स्वतःची मराठी गाणी म्हणतो, शब्द आणि चाल दोन्ही माझे. कॅफेत वाजवलं की जेवण मिळतं, कधी हजार रुपये. लोक गप्पा मारत असतात, मागे मिक्सर फिरत असतो. सभागृह परवडत नाही, आणि घेतलं तरी भरेल कोण? परदेशात कलाकार घरोघरी मैफली करत दौरा करतात असं तुम्ही लिहिलंत. आपल्याकडे जमेल का? सुरुवात कुठून करू? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : जमेल. नागपुरातून तर फार चांगलं जमेल, कारण इथून चारही दिशांना रेल्वे जाते. पश्चिमेला वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, जळगाव, नाशिक. उत्तरेला इटारसीवरून भोपाळ, पुढे इंदूर आणि ग्वाल्हेर. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत आणि ती कान देऊन ऐकतात. पूर्वेला भंडारा, गोंदिया, रायपूर. दक्षिणेला चंद्रपूर. मुंबई इथून रेल्वेने ८३७ किलोमीटर आहे. एका मैफलीसाठी तू तिथे गेलास तर मिळालेले पैसे जाण्यायेण्यातच संपतील. वाटेवर चार घरं असली तर त्याच प्रवासात चार मैफली होतात. माझं सगळं सांगणं याभोवतीच आहे : घर शोधू नकोस, घरांची साखळी शोध.

हिशेब करून बघ. शुक्रवारी वर्धा, शनिवारी अमरावती, रविवारी अकोला असा मार्ग धर. प्रत्येक घरी २५ श्रोते आणि प्रत्येकी ३०० रुपये, म्हणजे एका संध्याकाळचे ७,५०० आणि तीन घरांचे २२,५००. राहणं-जेवणं यजमानांकडे. दोघं जण असाल आणि प्रवासाला, रिक्षाला, वाटेतल्या खाण्याला अडीच हजार गेले, तरी प्रत्येकाच्या हातात दहा हजार राहतात. तीन दिवसांचे. आणि त्या ७५ माणसांनी तुझं गाणं अखेरपर्यंत ऐकलेलं असतं. कॅफेत दोन महिने वाजवून तुला एवढे ऐकणारे मिळतील असं मला वाटत नाही.

सुरुवात तुला आधीच ओळखणाऱ्या माणसांपासून कर. कॅफेत तुझं गाणं संपल्यावर कुणीतरी उठून येऊन ‘हे गाणं कुणाचं?’ असं विचारतं ना, त्या माणसाचा फोन नंबर घे. त्याला विचार की वर्ध्याला, अकोल्याला तुमचं कोण आहे? आपल्या विदर्भात नागपूरच्या जवळपास प्रत्येक घरातली एखादी मुलगी अमरावतीला नाहीतर अकोल्याला दिलेली असते, कुणाचा भाऊ चंद्रपूरला नोकरीला असतो. हेच तुझं जाळं आहे. अनोळखी घराला शंभर ईमेल पाठवून होणार नाही ते काम नागपूरच्या आत्याच्या एका फोनने होतं.

तारखा ठरवताना लांबचं घर आधी पक्कं कर आणि जवळची घरं त्याच्या वाटेवर बसव. बरेच जण उलटं करतात. वर्धा सोपं म्हणून आधी ठरवतात, मग अकोल्याचे यजमान म्हणतात की आम्हाला पुढचा आठवडा सोयीचा, आणि साखळी तिथेच तुटते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तारखा त्याच्या आधी हातात हव्यात. मोसम दिवाळीनंतरचा, होळीपर्यंतचा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नांचे मुहूर्त सुरू होतात. मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी तुझे निम्मे श्रोते कुठल्यातरी मंगल कार्यालयात जेवत असतात, म्हणून तारीख देण्याआधी पंचांग उघडून बघ. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं. त्या दिवसांत मुंबईच्या गाड्या भरतात, तेव्हा तिकडून कुणाला नागपूरला बोलवायचं असेल तर जानेवारी बरा.

यजमानांना एक पानभर चिठ्ठी आधी पाठव. किती माणसं येणार, गाडी किती वाजता पोचते, काय खात नाही, झोपायला किती गाद्या लागतील. बसायला बिनहातांची खुर्ची हवी हे मुद्दाम लिही. घरोघरी हातांच्या खुर्च्या असतात आणि गिटार त्या हातांवर आपटते. जेवण मैफलीनंतर हवं हेही लिही, नाहीतर प्रेमाने साडेपाचलाच भरलं ताट समोर येतं आणि पोटभर जेवून गाता येत नाही. गाणं चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन भागांत ठेव. मध्यंतरात लोक जवळ येतात, विचारतात, तेव्हा एक वही फिरव. त्यात ज्यांना पुढच्या वेळी निरोप हवा आहे त्यांनीच नाव-नंबर लिहायचा. अकोल्यात दुसऱ्यांदा जाशील तेव्हा ती वही तुझ्या पाकिटापेक्षा मोलाची ठरेल.

परदेशातलं विचारलंस म्हणून थोडं सांगते. व्हिएन्नामध्ये शुबर्ट या संगीतकाराच्या मित्रांनी १८२१ साली घरात जमून त्याची गाणी ऐकायला सुरुवात केली. त्या जमण्याला त्याच्याच नावावरून ‘शुबर्टियाडे’ म्हणू लागले. अमेरिकेत आज जे कलाकार मोटारीने गावोगाव फिरतात त्यांची रीत साधी आहे : यजमान आपली माणसं बोलावतो, माणशी किती द्यावं हे निमंत्रणातच लिहितो, रक्कम पूर्ण कलाकाराला जाते आणि रात्री कलाकार त्याच घरी झोपतो. लंडनमध्ये २००९ साली सुरू झालेल्या सोफार साउंड्सने दिवाणखान्यांतल्या कार्यक्रमांची मोठी कंपनी उभी केली, अनेक देशांत नेली. तिकीट विक्री कंपनीकडे गेली आणि कलाकाराच्या वाट्याला किती येतं यावरून पुढे बरीच टीका झाली. म्हणून मला पहिली रीत प्रिय आहे. यजमान आणि कलाकार यांच्यामध्ये तिसरं कुणी नसावं.

प्रश्न : आपल्या घरी आलेल्या पाहुण्याकडून पैसे मागायचे, ही कल्पनाच मला सहन होत नाही. आमच्या लहानपणी नागपुरात घरोघर गाणी व्हायची. कुणी तिकीट काढत नव्हतं. कला विकायला काढली की तिचं पावित्र्य जातं. तुम्ही नव्या पिढीला हे का शिकवता? (धरमपेठ, वय ७८)

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्या बैठका मीही लहानपणी ऐकल्या आहेत. नागपूरच्या महाल भागात आमच्या घरी गणपतीत गाणं असायचं. दहा दिवसांतला एक दिवस ठरलेला, ओसरीवर सतरंज्या, आणि गल्लीतले सगळे. तिकीट नव्हतं हे खरं. पण गायकाला बिदागी मिळायची, आणि ती माझे वडील द्यायचे. त्याआधीच्या काळात कुणी सरदार द्यायचा, कुणी मालगुजार जमीनदार द्यायचा. गाणारा फुकट गात नव्हता. पैसे एकाच घरातून निघायचे, म्हणून बाकीच्यांना ते दिसत नव्हते.

आज ते एक घर राहिलेलं नाही. निवृत्तिवेतनावर जगणारी माझ्यासारखी बाई एका संध्याकाळी सात-आठ हजार एकटीने देऊ शकणार नाही. तीस जणांनी तीनशे-तीनशे दिले तर गायकाला मान राहील असं पाकीट तयार होतं. सरदाराच्या जागी तीस माणसं आली एवढाच बदल झाला आहे, आणि मला तो चांगला वाटतो. गायकाला कुणा एकाची मर्जी सांभाळावी लागत नाही.

गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरात संगीत शिकवणारं गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजाश्रयावर नव्हे, लोकांच्या आधारावर. ते तिकीट लावून जाहीर गायनही करत. ज्यांनी आपल्या गाण्याला समाजात प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांना श्रोत्यांकडून पैसे घेण्यात कमीपणा वाटला नाही. तुमच्या मनातलं पावित्र्य मला कळतं. पण ज्याच्याकडे तुम्ही ते शोधता, त्या माणसाला महिन्याचं घरभाडं भरायचं असतं, तबल्यावरची कातड्याची पुडी बदलायची असते, गुरूंकडे शिकायला जायचं असतं. शाल-श्रीफळ देऊन आपण त्याला रिकाम्या हाताने गाडीत बसवतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

पैसे मागण्याचा संकोच तुमचा एकट्याचा नाही, म्हणून रीतच सांगते. दारात पेटी घेऊन कुणी उभं राहायचं नाही. निमंत्रणाच्या निरोपातच लिहायचं : ‘प्रत्येकी ३०० रुपये, विद्यार्थ्यांना १००, सर्व रक्कम कलाकारांना.’ एवढं एक वाक्य पुरतं. येणारा मनाची तयारी करून येतो. चपलांच्या जवळ एका स्टुलावर कोरी पाकिटं ठेवा आणि शेजारी कलाकाराच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड. यजमानाच्या खात्याचा ठेवू नये. पैसे कुठे गेले हा प्रश्न कुणाच्या मनातही येता कामा नये. मध्यंतरानंतर यजमानाने एकदा, एकाच वाक्यात आठवण करून द्यावी. चहाचा, खाण्याचा, फुलांचा खर्च त्यातून कापायचा नाही. तो यजमानाचा वाटा.

शेवटची गोष्ट, आणि ही मी प्रत्येक यजमानाला आग्रहाने सांगते : किमान रक्कम आधी कबूल करा. पाच हजार म्हटलं असेल आणि पाऊस पडून बाराच माणसं आली, तर उरलेले पैसे आपण घालायचे. ज्याला हे जमणार नाही त्याने किमान रक्कम कमी ठरवावी, पण ठरवल्याशिवाय कलाकाराला गाडीत बसवू नये. काका, तुमच्या वडिलांनी, माझ्या वडिलांनी हेच केलं होतं. जबाबदारी घेतली होती.

प्रश्न : आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, हॉल १२ बाय १८ फूट. किती माणसं बसतील? शेजारी तक्रार करतील का? माइक-स्पीकर भाड्याने आणावे लागतील का? (मनीषनगर)

उत्तर : माइक-स्पीकर आणू नका. १२ बाय १८ म्हणजे २१६ चौरस फूट. त्यातले ५० कलाकारांना, थोडी जागा ये-जा करायला. खाली मांडी घालून बसणाऱ्याला सहा चौरस फूट धरा. पंचवीस माणसं आरामात बसतील. त्यातली पाच-सहा ज्येष्ठ असतील, त्यांच्यासाठी मागच्या भिंतीशी खुर्च्या. एवढ्या खोलीत कुठलाही गळा आणि कुठलंही वाद्य माइकशिवाय पोचतं. आणि माइक नसला की लोक आपोआप शांत होतात.

कलाकारांना अठरा फुटांच्या भिंतीच्या मध्यावर बसवा. मग सगळ्यात मागचा माणूसही दहा फुटांच्या आसपास राहतो. अरुंद टोकाला बसवलं तर शेवटची रांग दूर जाते आणि तिथेच कुजबुज सुरू होते. मुख्य दार कलाकाराच्या मागे येणार नाही हे बघा, कारण उशिरा येणारे येणारच. व्हिट्रिफाइड टाइल्सच्या उघड्या हॉलमध्ये आवाज घुमतो. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, मागे आवाज रेंगाळला तर सतरंज्या जाड अंथरा, पडदे ओढा, बेडरूममधल्या गाद्या आणून भिंतीशी लावा. माणसं भरली की अर्धा घुमारा तसाही जातो.

आता माझ्या आवडीचा भाग. मी वीज मंडळात नोकरी केली, त्यामुळे घरातले आवाज मला आधी ऐकू येतात. मैफलीच्या दिवशी दुपारी सगळे दिवे लावून, सगळं यंत्र चालू ठेवून हॉलमध्ये पाच मिनिटं गप्प बसा. फ्रिजचा कॉम्प्रेसर ऐकू येईल, मासे असतील तर टाकीचा पंप, वॉटर प्युरिफायर. जुनी चोकची ट्यूबलाइट असेल तर ती १०० हर्ट्‌झवर घूं करते. गाणाऱ्याचा सा पांढरी एक, म्हणजे पेटीवरची पहिली पांढरी पट्टी, असेल तर हा आवाज त्याच्या पंचमाच्या, म्हणजे ‘प’च्या, अगदी जवळ, पण किंचित चढा येतो. बिचाऱ्याला कळत नाही की आज सूर का लागत नाही! ती ट्यूब बंद करा, साधा दिवा लावा. फ्रिज दोन तास बंद राहिला तर दूध नासत नाही. दार मात्र उघडू नका. दाराची बेल काढून ठेवा.

कुणी छोटा ॲम्प्लिफायर आणला आणि तो गुणगुणायला लागला, तर बहुतेक वेळा आर्थिंगचा प्रश्न असतो. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. गुणगुण थांबेलही, पण त्याच वायरला जोडलेली गिटार कलाकाराच्या हातात असते आणि ती पिन त्याच्या जिवासाठी असते. आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं आर्थिंग तपासून घ्या. स्वस्त इन्व्हर्टरवरही ॲम्प्लिफायर घूं करतो, म्हणून वीज गेली तर ॲम्प्लिफायर काढून तसंच गाऊ द्या.

आणि कूलर. आपल्याकडे मार्चच्या मध्यापासून कूलरशिवाय पंचवीस माणसं एका खोलीत बसूच शकत नाहीत, आणि कूलर चालू ठेवून गाणं ऐकूही शकत नाहीत. आवाज तर आहेच, शिवाय त्याच्या दमट हवेने तबल्याची पुडी सुरातून उतरते आणि वादक बिचारा हातोडी घेऊन बसतो. खोली चारपासून थंड करा, साडेसहाला कूलर बंद करा, फक्त पंखे हळू. हे होळीपर्यंत पुरतं. त्यानंतर नागपुरात घरातली मैफल ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. गच्चीचा मोह होतो, पण उघड्यावर आवाज टिकत नाही, मग स्पीकर येतो, आणि स्पीकर आला की शेजाऱ्यांचा प्रश्न खरोखर उभा राहतो.

शेजाऱ्यांसाठी एकच उपाय : त्यांना आधी बोलवा. वरचे, खालचे, समोरचे, तिन्ही घरी स्वतः जाऊन निमंत्रण द्या. येवोत न येवोत. सोसायटीच्या सचिवांना तारीख आणि वेळ लेखी कळवा, पार्किंगचं सांगा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. साडेसहाला सुरू करून पावणेनऊला संपवलं तर तुम्ही रात्रीच्या मर्यादेपासून दूर असता. पाहुण्यांना बस, रिक्षा मिळते ते वेगळंच.

माणसं जमवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी मेहनत तिथे आहे. पंचवीस माणसं यायला हवी असतील तर चाळीसेक जणांना सांगावं लागतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेल्या निरोपाला लोक अंगठा दाखवतात आणि येत नाहीत. एकेकाला फोन करा. आदल्या दिवशी पुन्हा करा.

प्रश्न : खायला काय ठेवावं? (बजाजनगर)

उत्तर : मध्यंतरात चहा, आणि हाताला तेल लागणार नाही असं काहीतरी कोरडं. कोथिंबिरीची तळलेली सांबारवडी मला कितीही प्रिय असली तरी ती शेवटी, गाणं संपल्यावर. हिवाळ्यात संत्री ठेवू शकता, फक्त सालींसाठी टोपली ठेवा. कुरकुरीत काहीही पहिल्या भागात फिरवू नका. कलाकारांना मात्र रात्री नीट जेवू घाला, गोळाभात, कढी, घरात जे होतं ते. चार दिवस बाहेर फिरणाऱ्याला घरच्या जेवणाची किंमत असते.

प्रश्न : पोलिसांची, कॉपीराइटची परवानगी लागते का? माझा भाचा वकील आहे, तो म्हणतो सगळं बेकायदा आहे. (रामदासपेठ)

उत्तर : सगळं बेकायदा नाही, पण भाच्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. आपल्या घरात, आपल्या ओळखीच्या निमंत्रितांसमोर, स्पीकरशिवाय झालेलं गाणं हा घरगुती कार्यक्रम आहे. तो तसाच ठेवा. फेसबुकवर पत्ता टाकून, कुणीही या म्हणून तिकीट विकायला लागलात की तो सार्वजनिक कार्यक्रम धरला जाऊ शकतो, आणि मग परवानग्यांचा विषय सुरू होतो. म्हणून निमंत्रण माणसाला द्यायचं, जाहिरात करायची नाही.

कॉपीराइटचं असं. १९५७ च्या कायद्यात कलम ५२ खाली काही सूट आहेत. हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या श्रोत्यांसमोर केलेलं सादरीकरण त्यांत येतं. आपले श्रोते पैसे देतात, तेव्हा ती सूट आपल्याला आहे असं धरू नका. कलाकार स्वतःचीच गाणी गात असेल तर अडचण फारशी नाही. फक्त तो आयपीआरएसचा, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा सदस्य असेल तर सादरीकरणाचे हक्क त्याने संस्थेकडे सोपवलेले असतात, त्याने तिथे विचारून घ्यावं. दुसऱ्याची गाणी असतील तर गीतकार-संगीतकारांच्या वतीने हीच संस्था परवाना देते. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. सुरेश भट २००३ साली गेले, म्हणजे त्यांच्या गझलांवर २०६३ अखेरपर्यंत वारसांचा हक्क आहे. तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही, पण त्या अभंगाला गेल्या पन्नास वर्षांत कुणी लावलेल्या चालीवर आहे. हा फरक बऱ्याच गायकांच्या लक्षात येत नाही. जुनी पारंपरिक बंदिश गा, स्वतःची चाल लावा, किंवा परवाना घ्या. आणि पाकिटात आलेले पैसे हे कलाकाराचं उत्पन्न आहे, त्याने ते वहीत लिहून ठेवावं.

प्रश्न : मी तबला वाजवतो. घरातल्या मैफलींना साथीला बोलावतात तेव्हा पैशांचं कुणीच बोलत नाही. गायक म्हणतो यजमान देतील, यजमान म्हणतात आम्ही गायकाला दिले. मी मागायचे कसे? (अमरावती)

उत्तर : तुम्ही मागायचीच वेळ येऊ नये. हे काम यजमानाचं आहे. मी वर ज्या गणपतीतल्या गाण्याबद्दल लिहिलं, तिथे गायकाला शाल, नारळ आणि पाकीट मिळायचं आणि तबल्याची साथ करणाऱ्याला फक्त नारळ. ते गृहस्थ सायकलवर तबला-डग्गा बांधून यायचे, वेळेआधी तास-दीड तास, आणि गायकाच्या नंतर निघायचे. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. कुणी विचारच केला नव्हता. माझ्या घरी मात्र पहिल्यापासून नियम आहे : निमंत्रणात साथीदारांची नावं गायकाच्याच अक्षरात, आणि पाकिटं जितकी माणसं तितकी.

वाटणीचं गायक आणि साथीदारांनी आपसांत आधी ठरवावं. तिघांचा दौरा असेल आणि तिघेही तेवढाच प्रवास करणार असतील, तर समान वाटणी मला योग्य वाटते. गायकाने मैफल जमवली, फोन केले, गाणी त्याची, म्हणून त्याचा थोडा जास्त वाटा असावा असं कुणी म्हटलं तर तेही मान्य. पण साथीदाराची किमान रक्कम वेगळी लिहिलेली हवी, आणि श्रोते कमी आले तर ती कमी होता कामा नये. ज्या गायकाला गावातलाच तबलावादक घ्यायचा आहे, त्याने त्याचं नाव, त्याची रक्कम आणि सरावाची वेळ निदान आठवडाभर आधी यजमानाला कळवावी. मैफलीच्या दिवशी चार वाजता ‘एखादा तबलेवाला बघा ना’ असा फोन येतो, तो मला अजूनही सहन होत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पुढच्या वेळी होकार देताना त्याच फोनवर तीन गोष्टी विचारा : रक्कम किती, देणार कोण, आणि अमरावतीहून जाण्यायेण्याचा खर्च त्यात धरला आहे की वेगळा. मग तेच मेसेजवर लिहून पाठवा, ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून. चांगला यजमान रागावणार नाही. जो रागावेल त्याच्याकडे तबला घेऊन जाऊ नका.